वस्तादचा उन्हाळा

कुत्रं पाळायचं तर पैलवानासारखंच, हा हट्ट माझा. आईला एखादा पांढरा पोमेरियन चालला असता, बायकोला कुठलंच नको होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याहून दोन महिन्यांचं रॉटविलरचं पिल्लू मांडीवर घेऊन आलो तेव्हा ते सात किलोचं होतं आणि गाडीत दोनदा ओकलं होतं. मुलीनं आधीच 'ब्रूनो' नाव ठरवून ठेवलेलं. पण दारातनं आत येताना त्याची ती रुंद छातीची, पाय फाकवून टाकलेली चाल बघून आई म्हणाली, "वस्ताद आला बघा." माझे आजोबा तालमीतले. आमच्या घरात हा शब्द असा कुणालाही देत नाहीत. ब्रूनो तिथंच मागं पडलं.

आमचं घर सोलापुरात होटगी रस्त्याला, आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलचे आठ माग. हे सांगायचं कारण टॉवेल पुढे येणार आहे.

पहिला उन्हाळा, 2023 चा, सुखात गेला. सहा-आठ महिन्यांचं पोर ते. दिवसभर देवघरासमोरच्या शहाबादी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडायचं. संध्याकाळी अंगणात दोन फेऱ्या, मग परत फरशी. मला वाटलं, मानवलं याला सोलापूरचं ऊन. खरं तर ऊन त्याच्या अंगाला लागलंच नव्हतं. लहान म्हणून त्याला कुणी बाहेर नेलंच नव्हतं, इतकंच.

ही जात मूळची जर्मनीतली. रॉटवाइल नावाच्या गावावरून नाव पडलं. खाटकांची गुरं हाकणं, गाड्या ओढणं हे तिचं काम. नराचं वजन 50 किलोच्या आसपास, खांद्याशी उंची 61 ते 68 सेंटीमीटर. अंगावर आखूड काळे केस आणि त्याखाली लोकरीसारखा मऊ थर. म्हणजे थंड मुलखात दिवसभर राबायला घडवलेलं शरीर. ते आपण सोलापुरात आणतो आणि त्याला अंगण देतो वीस बाय तीस.

वर्षाचा झाल्यावर त्याची ताकद घरात मावेना. सोफ्याचा हात खाल्ला. गच्चीवरची पाण्याची रबरी नळी तीन तुकड्यांत सापडली. साखळी धरून आईनं एकदा फाटकापर्यंत नेलं, तर आईच फाटकापर्यंत गेली. शेजारच्या मित्राचं म्हणणं पडलं, "पळव बे त्याला. दमलं की गप बसतंय." मला ते पटलं. रोज सकाळी आठला, मागांवर जायच्या आधी, त्याला मोकळ्या मैदानावर न्यायचं आणि चेंडू फेकायचा. वीस-पंचवीस मिनिटांत घरी. सोफा वाचला. वजन 53 झालं आणि लोक गाड्या थांबवून बघू लागले. आवडायचं मला ते, कशाला खोटं बोलू.

मग मार्च 2024. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचं 12 मार्चचं पत्र आलं: वीसहून जास्त जातींना 'हिंस्र' ठरवून त्यांची विक्री, पैदास थांबवा, असं राज्यांना सांगितलेलं. त्या यादीत रॉटविलर होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, पण रद्द झाल्याची बातमी आमच्या गल्लीत कुणी वाचली नाही. पहिली मात्र सगळ्यांनी वाचली होती. दोघं-तिघं घरी आले. रागावून नाही, समजुतीनंच. म्हणाले, बाहेर काढताना तोंड बांधत जा. त्यांचं काही चूक नव्हतं. पन्नास किलोचं काळं जनावर लहान पोराच्या उंचीवर तोंड घेऊन चालतं, भीती वाटणारच.

मी दुकानातून कापडी मुसकं आणलं. तोंडाभोवती घट्ट बसणारं, वेलक्रोचं. चार दिवस वापरलं असेल. लसीकरणाला दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी ते स्वतः काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे घालून किती चालवता?"

"अर्धा तास."

"मग मारायचंच आहे का?"

बैलाचं मुसकं आठवा, म्हणाले. जाळीचं असतं, बैलाला तोंड हलवता येतं. कुत्र्यालाही तसंच जाळीचं हवं, आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो येतो पंजाच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर. जिभेवरचं, घशातलं पाणी वाफ होऊन जातं तेवढाच अंगातला ताप कमी होतो. "तोंड बांधलं म्हणजे रेडिएटर बंद केला," असं म्हणून त्यांनी जाळीच्या मुसक्याचं माप घेतलं. मी ते आणलं. आणि मला वाटलं, आता आपल्याला कळलं.

एप्रिलचा तिसरा रविवार. आदल्या दिवशी दुपारी पारा 42 च्या पुढं गेलेला, पण मी निघालो ते सकाळी साडेआठला. रविवार म्हणून उशीर. मैदानावर वारा होता, मला स्वतःला बरं वाटत होतं, टी-शर्टसुद्धा भिजला नव्हता. चेंडू फेकला. आणला. फेकला. आणला. वस्ताद थांबत नाही. ही या जातीची खोडच आहे, किंवा गुण म्हणा. मालक काम देतोय तोवर काम संपलेलं नसतं. आपल्या गल्लीतलं मोती नावाचं साधं कुत्रं तिसऱ्या फेकीला चेंडू सोडून झाडाखाली बसेल. हा बसला नाही.

पंचवीस मिनिटं झाली असतील. चेंडू घेऊन परत येताना तो सरळ रेषेत आला नाही, जरा तिरका आला. मला वाटलं काही हुंगत असेल. मग चेंडू माझ्या पायाशी न टाकता वाटेतच सोडला. जवळ आल्यावर बघितलं तर जीभ एरवीपेक्षा बोटभर लांब, टोकाला चमच्यासारखी पसरलेली, कडा वर वळलेल्या. लाळ पाण्यासारखी नव्हती, डिंकासारखी तार धरून लोंबत होती. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, विटेसारख्या लाल. आणि मागचे पाय दारू प्यायल्यासारखे एकमेकांत अडकत होते. मग ओकला, फेसच नुसता. आणि बसला. बसला म्हणजे मागचा भाग खाली पडला.

गाडीत घालायला दोन माणसं लागली. घर जवळ होतं म्हणून आधी घरी आणलं. मागांवरून आणलेल्या मालाचा गठ्ठा ओसरीवर पडलेला, जाड टेरी टॉवेल, निर्यातीच्या प्रतीचे. चार टॉवेल हौदात बुचकळले आणि त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत गुंडाळलं. वर फ्रिजमधल्या बर्फाचे तुकडे ठेवले. सोलापूरचा माणूस, हातात ओला टॉवेल, याहून चांगला उपाय काय असणार, असंच वाटलं त्या क्षणी. बायकोनं डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काय केलंय आत्तापर्यंत?"

"ओले टॉवेल गुंडाळलेत."

"काढा. आधी ते टॉवेल काढा. सगळे."

माझा विश्वास बसेना. त्यांनी परत सांगितलं, या वेळी आवाज चढवून. अंगाला चिकटलेला टॉवेल दोन मिनिटांत अंगाइतकाच गरम होतो आणि मग तो पांघरुणाचं काम करतो. आतली उष्णता आतच. पाणी ओता, ओतत राहा. पोटाखाली, जांघेत, काखेत, मानेला. वर पंखा लावा, वारा लागला पाहिजे. बर्फावर वेळ घालवू नका, नळाचं साधं पाणी ओता. शुद्धीवर असेल तर समोर पाणी ठेवा, तोंडात ओतू नका. दहा मिनिटं हे करा, मग गाडीत घाला, काचा उघड्या, एसी पूर्ण. आधी थंड करा, मग आणा.

टॉवेल काढला तेव्हा त्यातून वाफ आल्यासारखं हाताला लागलं. वरचा भाग गार आणि आतला, अंगाकडचा, कोमट. ते हाताला लागलेलं कोमट कापड मी अजून विसरलेलो नाही.

पाणी. आमच्या भागात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, आणि तो चौथा दिवस होता. हौदात गुडघाभर. आई बादलीनं उपसत होती, मुलगी तांब्यानं ओतत होती, मी टेबलफॅनची वायर ओढून अंगणात आणली. आईनं एरवी कुणी दोन तांबे जास्त वापरले तरी ऐकवलं असतं. त्या दिवशी सगळा हौद रिकामा केला तिनं आणि एक शब्द बोलली नाही.

दवाखान्यात पोचल्यावर गुदद्वारात थर्मामीटर लावला, 106.4. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102.5 फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते त्याला नेहमीचं. पण 106 म्हणजे आतले अवयव शिजायला लागण्याची वेळ. आणि हे पाणी ओतून, गाडीत एसी लावून आणल्यावरचं. मैदानावर किती असेल, हे मी विचारलं नाही. सलाइन लागलं, रक्त घेतलं, पंखा आणि पाणी चालूच. 103.5 ला आल्यावर डॉक्टरांनी पाणी ओतणं थांबवायला सांगितलं. नाहीतर उतरत उतरत नको तितकं खाली जातं, म्हणाले.

पुढचे तीन दिवस मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची पाहणी. उष्माघातात कुत्रं उठून बसलं, शेपूट हलवली, म्हणजे सुटलं असं नसतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड दगा देऊ शकतं. लघवीचा रंग बघायला मी बॅटरी घेऊन त्याच्या मागे फिरायचो. हिरडीवर अंगठा दाबून सोडायचा, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी, हेही तेव्हाच शिकलो. तो वाचला. खर्च बारा हजारांच्या घरात गेला, तो वेगळाच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, "पण ऊन कुठं होतं साडेआठला?" ते म्हणाले, उन्हाचं घेऊन बसलात. धावणारा स्नायू स्वतःच भट्टी आहे. जितका स्नायू जास्त, तितकी भट्टी मोठी. तुमच्या कुत्र्यानं आतून ताप तयार केला, बाहेर टाकायला फक्त एक जीभ, आणि बाहेरची हवा आधीच तापलेली. वर 53 किलो. यातले सहा किलो माझ्या कौतुकाचे होते.

त्यानंतर घराचं वेळापत्रकच बदललं. होळीपासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत पहाटे 4:40 चा गजर. पावणेपाचला "अहो, उठा, तो दाराशी बसलाय" ही हाक. साडेपाचला परत. संध्याकाळी लवकर काढायचा प्रश्नच नाही. सूर्य बुडाला तरी डांबर आणि भिंती साडेआठ-नऊपर्यंत ताप सोडत राहतात. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला ठेववत नसेल तर त्याचे पंजेही ठेवायचे नाहीत. पहिल्यांदा मला असं रस्त्यावर वाकलेलं बघून दूधवाल्यानं विचारलं होतं, काय पडलं का भाऊ.

चेंडू माळ्यावर. उन्हाळ्यात चेंडू नाहीच. त्याऐवजी डोकं दमवायचं. घरात मुलगी खाऊचे तुकडे कुंड्यांमागे, पायरीखाली लपवते आणि तो नाकानं शोधतो. पंधरा मिनिटं हुंगून तो जितका शांत पडतो, तितका अर्धा तास पळून पडत नसे. हे आधी कळलं असतं तर, असं खूपदा वाटतं.

वजन सहा महिन्यांत 47 वर आणलं. छातीवर हात फिरवला की फासळ्या दिसल्या नाहीत तरी हाताला लागल्या पाहिजेत, एवढाच हिशेब. खाणं पहाटे फिरून आल्यावर तासाभरानं आणि रात्री नऊला. फिरून आल्या आल्या भरपेट दिलं तर या मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसू शकतो. आईचा ज्वारीच्या भाकरीचा आग्रह असतो, तो चिकनच्या पाण्यात कुस्करून अर्ध्या भाकरीवर तोडला. बिनमिठाचं पातळ ताक, बिया काढलेलं कलिंगड चालतं. मंगळवेढ्याहून मामा दरवर्षी बेदाण्याचा डबा पाठवतात, तो मात्र कपाटात वरच्या फळीवर. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो घरोघरी उघड्या वाटीत पडलेला असतो.

पाण्याचं गणित अवघड होतं. जानेवारीत दिवसाला तीन लिटर पिणारा वस्ताद मेमध्ये पाच-साडेपाचवर जातो. पसरट मातीच्या दोन कुंड्या, एक सावलीत, एक घरात. आंघोळीला पाणी नाही. शेजारच्या काकूंनी एकदा ऐकवलंच, "माणसाला प्यायला नाही आणि कुत्र्याला शॉवर." म्हणून लिंबाच्या झाडाखाली दोन फुटांचा खड्डा करून त्यात वाळू भरली. कूलरच्या तळाचं पाणी आणि कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी तिथं. तो ओली वाळू पंजानं उकरतो, गार थर लागला की त्यात पोट रुतवून पडतो. त्याचं त्यालाच कळतं, फक्त सोय करून द्यायची. शहाबादीवर सतत पडून कोपरांना घट्टे पडले होते, तिथं एक जुनी सोलापुरी चादर चौघडी करून टाकली. चादरीवर तो फक्त जानेवारीत झोपतो, हा भाग सोडा.

केस काढून टाका, हा सल्ला किमान दहा जणांनी दिला. नाही काढले. वरचा केस उन्हापासून कातडीला वाचवतो. काढायचा तो आतला लोकरी थर, आणि तो रबरी ब्रशनं फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज काढला की ढिगानं निघतो. एवढा की मुलीनं त्याची एक उशी करू या म्हणून हट्ट धरलेला.

मामांच्या शेतावर एक कारवानी कुत्री आहे, इकडचीच शिकारी जात. उभट, कमरेला मूठभर, अंगावर चरबी नावाला नाही. मेमध्ये आम्ही गेलो होतो तेव्हा दुपारी ती बाभळीखाली पडलेली. वीस पावलांवरून ससा गेला. तिनं मान वळवली, बघितलं, परत टेकवली. मामा म्हणाले, "आता नाही उठायची. पाच वाजता बघ." मी वस्तादकडे बघितलं. तो गाडीच्या मागच्या सीटवर, एसीत, जाळीला नाक लावून सशाकडे बघत थरथरत होता. मी दार उघडलं असतं तर त्यानं तो ससा मंगळवेढ्याच्या वेशीपर्यंत हाकला असता. या मुलखात पिढ्यानपिढ्या निभावलेल्या जनावराला कधी उठायचं नाही हे माहीत आहे. याला ते मी सांगायचं आहे.

जूनच्या सुरुवातीचे दिवस मला मेपेक्षा जास्त घाबरवतात. पारा उतरलेला असतो, ढग आलेले असतात, आणि हवा चिकट. दमट हवेत जिभेवरचं पाणी वाफच होत नाही, कूलरही नुसता ओलावा फेकतो. 34 अंश बघून मी गेल्या वर्षी हुरळलो आणि संध्याकाळी सातला त्याला बाहेर काढलं, दहा मिनिटांत ती चमच्यासारखी जीभ दिसली. उचलून घरी. तेव्हापासून तापमान न बघता जीभ बघतो.

मग पाऊस पडतो आणि गोचीड येतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये तो दोन दिवस जेवला नाही, नाकातून रक्ताचा थेंब आला. रक्तात प्लेटलेट्स अठ्ठावीस हजारांवर. गोचिडातून होणारा एहर्लिकिया नावाचा आजार. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन, पोट भरल्यावरच. त्यातून बाहेर आला, पण तेव्हापासून जून ते दिवाळी रोज रात्री जेवणं झाली की ओसरीवर तपासणी असते. मुलगी बॅटरी धरते, मी चिमटा. कानाच्या आतली घडी, बोटांमधली फट, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली. तो आडवा पडतो, एक पाय वर करून देतो आणि घोरायला लागतो. सापडलेले गोचीड स्पिरिटच्या बाटलीत. आईच्या मते हे सगळं माणसांच्या जेवणाच्या जागी चालणं बरं नाही, म्हणून खाली टॉवेल अंथरतो. निर्यातीतून परत आलेला, कडेला एक धागा सुटलेला.